मुकादमाचा अंगठा

जावई कंपनीत साहेब आहेत. मागं कंपनीनं त्यांना कुठल्याशा शिबिराला धाडलं होतं. तिथून आले ते थेट मला भेटायला. चहा पीत म्हणाले, "मामा, दोन दिवस एकच शिकवलं बघा. ज्याच्या हाताखाली माणसं असतात त्यानं आधी स्वतःला ओळखावं. आपल्याही नकळत आपला दुसऱ्यावर काय परिणाम होतो, ते बघावं."

मी म्हटलं, "त्याला दोन दिवस कशाला लागतात? आमच्या हिनं मला हे एक भाकरी करपेपर्यंत सांगितलं होतं."

जावई हसले. मग आमची दोघांची नजर चुलीपाशी गेली. ती गेली त्याला अजून वर्ष भरायचं आहे.

वाचनालयाची मंडळी दिवाळीचा अंक काढतात. बरेच दिवस मागं लागली होती, नाना, रस्त्याच्या कामाचं काहीतरी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. माझं आयुष्य रस्त्यावर गेलं, कागदावर नाही. पण जावयाचं ऐकल्यावर वाटलं, भाकरी करपल्याची गोष्ट लिहून ठेवावी. शब्द चुकले तर सुधारून घ्या. म्हणणं सुधारू नका.

भोरहून कोकणात उतरणारा घाट आहे, त्या घाटात मी मुकादम होतो. साठ-सत्तर सालच्या काळातली ही गोष्ट. लोकांना वाटतं मुकादम म्हणजे साहेब. साहेबाला खुर्ची असते, मुकादमाला छत्री असते, तीही भोकाची. गँगला काम नेमून द्यायचं, हजेरी घ्यायची, कुणाचं बोट चेमटलं तर हळद दाबायची आणि वरचा साहेब आला की सगळ्यांच्या वाटणीच्या शिव्या एकट्यानं खायच्या. उन्हाळ्यात खड्डे भरायचे, बाजूच्या पट्ट्या ओढायच्या, गटारं उपसायची. पावसाळ्यात मात्र एकच काम, दरडी.

दरड पडली की रस्ता बंद. माती, दगड, झाडं, सगळा डोंगराचा तो तुकडा खाली येऊन बसतो. तेव्हा यंत्रं कुठली? पहार, टिकाव, फावडं आणि बायांच्या डोक्यावर पाट्या. माती उचलायची आणि दरीत लोटायची. ह्यात अवघड काही नाही. अवघड एवढंच, की पडलेली दरड उपसताना तिच्या वरचा डोंगर अजून उभा असतो. तो तसाच उभा राहणार आहे का खाली येणार आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं काम मुकादमाचं. दुसऱ्या एका घाटात असं सांगण्यात चूक झाली होती आणि एक गडी गेला होता. मी त्याच्या मातीला गेलो होतो. त्यामुळं माझ्या गँगमधल्या कुणाला वरच्या कड्याखाली धाडताना मला धास्ती वाटायची. ती मी कुणाला दाखवत नसे. निदान मला तसं वाटायचं.

घाटात गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. रस्ता बंद असला की एसटी अलीकडंच थांबायची आणि माणसं दरडीवरून चालत पलीकडं जायची. आमी हाताला धरून त्यांना उतरवायचो. एक म्हातारी कायम कोंबडी घेऊन लेकीकडं जायची. मला म्हणायची, "ह्ये बघ मुकादमा, मी पडले तर पडले, आधी माझी कोंबडी पल्याड न्हे." मी कोंबडी काखेत धरून पुढं आणि म्हातारी माझ्या धोतराचा सोगा धरून मागं. कोंबडी नेहमी माझ्या अंगावर घाण करायची. म्हातारी म्हणायची, "शुभ असतंय."

एकानं म्हैस आणली. म्हैस दरडीवर चढली आणि मध्येच बसली. दुपारपर्यंत उठली नाही. गँगनं तिच्या दोन्ही बाजूनं माती उपसली आणि म्हैस मध्ये टेकाडावर, देवीसारखी. आमच्यातला भिकू तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला, "आई, आता ऊठ, न्हाईतर मुकादम तुझी बी हजेरी लावंल."

हा भिकू आंबवड्याकडचा. तोंडाळ, पण कामाला वाघ. भाकरी खाताना त्याच्याशेजारी बसू नये, हसून ठसका लागायचा. दुसरे सखातात्या, गँगमधले सगळ्यात म्हातारे. पहार धरली की दगडाशी बोलल्यासारखे वाटायचे. डोंगर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचा, हे मला माहीत होतं. पण ते अबोल, आणि मुकादम मी.

आणि माझी बायको, हौसा. राजगडाखालची पाली तिचं माहेर. किल्ल्याखाली वाढलेली, त्यामुळं डोंगराला ती भीत नसे, मला तर नाहीच नाही. ती गँगमध्ये पाटी वाहायची. कामावर ती मला "मुकादम" म्हणायची आणि घरात "आवं". ह्यात तिनं कधी गल्लत केली नाही. घरात मला धुवून काढलं असलं तरी कामावर आली की पदर खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून बाकीच्या बायांच्या रांगेत उभी. एकदा मी तिला सावलीतलं काम दिलं, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "मुकादम, माझ्या नवऱ्यानं सांगितलंय व्हय तुमाला, बायकोला सांभाळा म्हणून? सांगा त्येला, घरात लुगडं आण आदुगर." सगळी गँग हसली. मीही हसलो. काय करणार?

मला तंबाखूचं वेड. कमरेला चंची कायम. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं मळायची, मग थाप मारून भुकटी उडवायची आणि बार भरायचा. ज्यानं कधी केलं नाही त्याला ह्यातलं सुख सांगून कळायचं नाही. पुढं तोंडात एक जखम झाली, भरेना. भोरच्या डाक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "मुकादम, तंबाखू सोडा, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही." आंबवड्याला हौसाची बहीण दिलेली होती. आमी मुक्कामाला तिथं गेलो. सकाळी हिनं मला देवळात नेलं, देवापुढं उभं केलं आणि चंची माझ्या कमरेची स्वतःच्या हातानं सोडून घेतली.

"म्हणा, पुन्यांदा शिवणार न्हाई."

"शिवणार न्हाई."

"देवाकडं बघून म्हणा, माझ्याकडं काय बघताय?"

म्हटलं. त्या दिवसापासून आजपर्यंत शिवलेलो नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमी घाटात परत आलो. पाऊस लागलेला होता, दोन ठिकाणी माती आली होती, बारकीच. मी सकाळी वरचा कडा बघितला. घट्ट होता, मला काही शंका वाटली नाही. म्हटलं, "चला, लागा."

कुणी उठलं नाही.

म्हणजे नाही म्हणाले असंही नाही. एक जण पहारीचं टोक बघत बसला. बाया चुंबळी पुन्हा पुन्हा वळायला लागल्या. सखातात्या आभाळाकडं बघत होते. मी पुन्हा ओरडलो. भिकू म्हणाला, "उठतोय की, मुकादम. आमी कुठं न्हाई म्हणतोय?" आणि बसूनच राहिला.

शेवटी शिव्या घातल्यावर उठले, पण काम असं, जसं काही निखाऱ्यावरून चालतायत. माती उचलायची आणि पळायचं. दगड कड्याखाली असेल तर त्याच्या बाजूनंच खणायचं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला काही कळेना. मला वाटलं, ह्यांना कुणीतरी फूस लावली. मग वाटलं, भिकूला मुकादम व्हायचंय. माणसाचं डोकं एकदा वाकडं चालायला लागलं की लांबवर जातं. मी भिकूला बाजूला घेतलं. म्हटलं, "माझी जागा पायजे का तुला?"

तो म्हणाला, "तुमची छत्री गळती मुकादम, मला नको."

त्या दिवशी गँगच्या झोपडीत आलो, पाय धुतले आणि हौसावर खेकसलो, "तुमी बाया बी त्यातल्याच. तू माझी बायको असून कड्याखाली जाईना झालीस."

ती भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. तव्यातली भाकरी धुरायला लागली तरी ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"आवं, तुमी तंबाखू सोडली न्हवं?"

"मग? तूच सोडायला लावलीस."

"मग गँगला कसं कळायचं?"

"काय कळायचं?"

तेव्हा तिनं सांगितलं. मी सकाळी कडा बघायला उभा राहिलो की तळहातावर तंबाखू घेतो. मनात शंका असली की अंगठा फिरतच राहतो, फिरतच राहतो, थाप काही वाजत नाही. शंका फिटली की थाप वाजते, बार भरतो आणि मग "लागा" म्हणतो. गँगला माझ्या "लागा"शी देणंघेणं नव्हतं. ते थापेची वाट बघायचे. कित्येक वर्षं. नव्या माणसाला जुनी माणसं पहिल्याच दिवशी सांगायची, मुकादमाच्या तोंडाकडं बघू नको, अंगठ्याकडं बघ. साहेबापुढं त्येचं तोंड खोटं बोलतंय, अंगठा न्हाई बोलत.

"समद्या गँगला ठावं हाय?"

"म्हशीला सुदिक ठावं असंल."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

"तुमाला काय सांगायचं? तुमचाच अंगठा न्हवं?"

भाकरी पार काळी झाली होती. तिनं ती माझ्याच ताटात टाकली आणि बोलायला लागल्यावर आणखी बोलली. म्हणाली, ओव्हरसियर साहेब आले की तुमचा आवाज बारीक होतो, मग गड्यांचे हातही ढिले पडतात, त्यांना वाटतं मुकादमच भ्यालाय तर काहीतरी आहे. सखातात्यांना तुमी नुसतं "व्हय तात्या" म्हणालात तरी ते दिवसभर दुपटीनं पहार मारतात. आणि घरातनं माझ्याशी भांडून निघालात की कुणाला काही बोलत नाही तुमी, पण छत्री अशी टेकवता, की बाया एकमेकींना खुणावतात, आज गप ऱ्हावा. "तुमचा राग माझ्यावर, आन् भाकरी समद्या गँगची कडू," ती म्हणाली.

मला हे पटलं नाही. कुठल्या पुरुषाला पटेल? म्हटलं, बायका काहीही रचतात. सकाळी बघू.

सकाळी कड्यासमोर उभा राहिलो. कडा तोच, घट्ट. मागं गँग बसलेली. मी डावा तळहात पुढं केला. त्यात काही नव्हतं. मी रिकाम्या हातावर अंगठा फिरवला. मागची कुजबूज बंद झाली. मग मी थाप मारली.

सगळी गँग उठली. पहारी खांद्यावर गेल्या, पाट्या डोक्यावर गेल्या, भिकू तर गाणं म्हणत गेला. कुणाच्या ध्यानात आलं नाही की हात रिकामा आहे. एकटी हौसा जाता जाता माझ्याकडं बघून डोळे मिचकावून गेली.

जावयाला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वा मामा, म्हणजे तुम्हाला किल्ली सापडली." मला तसं वाटलं नव्हतं. मला घाम फुटला होता. हातात काही नसताना एवढी माणसं उठून कड्याखाली गेली. माझ्या मनात त्या दिवशी कपट असतं तर? किंवा नुसती घाई असती तर? साहेबाची बोलणी चुकवायला मी थाप मारली असती तरी ती अशीच गाणं म्हणत गेली असती. कितीतरी दिवस मी हात धोतरात खुपसून हिंडत होतो.

मग ती वेळ आलीच.

त्या साली श्रावणात मोठी दरड आली. अर्धा रस्ता दिसेना. दोन्हीकडं एसट्या अडकल्या, आणि पावसात माणसांना वरून चालत न्यायचीही सोय राहिली नव्हती. ओव्हरसियर साहेब सकाळीच आले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. आमच्यात उकिडवे बसून भाकरी खायचे, माझ्या पोराला त्यांनी पाटी-पेन्सिल आणून दिली होती. पण त्यांच्या वर साहेब होता आणि त्याच्याही वर साहेब होता. त्यांनी मला छत्रीखाली घेतलं.

"मुकादम, तुमचा कायम व्हायचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब उद्या ह्याच रस्त्यानं येणार. आज रस्ता मोकळा झाला तर मला बोलायला तोंड राहील."

कायम होणं म्हणजे काय, ते आज कळायचं नाही. मी तेव्हा हंगामी मुकादम. पाऊस संपला की ठेवतील, नाहीतर काढतील. पदरात दोन पोरं, वेल्ह्याकडं नाचणीची एक चिंचोळी पट्टी. कायम झालो तर जन्माचा घोर मिटला असता.

मी कडा बघायला उभा राहिलो. तशी वरून माती येत नव्हती. बारके खडेसुद्धा येत नव्हते. पण कड्याच्या पोटातून एक झरा वाहायचा, सगळा पावसाळा. त्या दिवशी पाऊस धो धो लागलेला आणि झरा बंद. पाणी बाहेर येत नाही म्हणजे आत साठतंय. बस्, एवढंच. एवढ्यावरून कुणी शपथेवर सांगू शकत नाही की कडा येणारच. येईल, न येईल.

एसटीतली माणसं खाली उतरून ओरडत होती. कुणाचा बाजार चुकत होता, कुणाची तारीख होती कचेरीत. एक जण पुढं होऊन म्हणाला, "नुसता बघत काय उभा राहिलाय ह्यो? बांगड्या भर म्हणावं!"

हौसा पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "बांगड्या माझ्या हातात हायत, आन् ह्यो दगड बी हाय. तुमाला कुठलं देऊ, दादा?"

तो माणूस एसटीत जाऊन बसला.

साहेब म्हणाले, "मुकादम, लावा माणसं."

मी वळून पाहिलं. सगळी गँग तयार. आणि सगळ्यांचे डोळे खाली, माझ्या हाताकडं. हौसा सगळ्यांत पुढं. तिला तर सगळं ठाऊक होतं, तरी तीही हाताकडंच बघत होती. माझा डावा तळहात आपोआप उघडलेला होता आणि अंगठा फिरत होता. मला तो थांबवता येईना. थाप मारायचं मनात आलं का? आलं. खोटं कशाला सांगू? एक थाप आणि मी कायम. कडा पडेलच असं कुठं होतं?

मी दोन्ही हात मागं बांधले. गँग गोंधळली. आता बघायचं कुठं? तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडानं बोललो, साहेबांच्या देखत, एसटीतल्या माणसांच्या देखत.

"मला भ्या वाटतंय."

साहेब म्हणाले, "मुकादम, भीती वाटते असं मी वर लिहू का?"

"लिवा," मी म्हटलं. "झरा आटलाय म्हणून लिवा, आन् मुकादम भ्याला म्हणून बी लिवा."

तेवढ्यात मागून सखातात्या बोलले. तात्या असे आपणहून बोलत नसत. "मुकादम, मला तर सकाळधरनं वाटतंय. त्यो वरचा ऐन बघा. काल सरळ हुता, आज दरीकडं कलंडलाय."

मी वर पाहिलं. ऐनाचं झाड खरंच कललेलं होतं. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"तात्या, सकाळधरनं दिसतंय आन् बोलला न्हाई?"

तात्या सरळ म्हणाले, "तुमचा अंगठा बघत हुतो."

एका बाईनं सांगितलं, तिलाही मातीचा वास निराळा येत होता. भिकूनं सांगितलं, तो रात्रीपासून घाबरलेला होता, म्हणून जास्त थट्टा करत होता. प्रत्येकाला काही ना काही दिसलेलं होतं आणि प्रत्येक जण गप्प होता. एवढी वर्षं मी समजत होतो, गँगचा माझ्यावर भरवसा आहे, भलं आहे. तसा तो होताच. पण त्या भरवशापायी जे डोळे डोंगराकडं असायला हवे होते ते सगळे माझ्या हाताकडं लागले होते. सखातात्यांसारखा माणूस डोंगर वाचायचा सोडून माझा अंगठा वाचत बसला होता. हे मी कधी त्यांना सांगितलं नव्हतं. मी नुसता उभा राहायचो, आणि एवढ्यानंच सगळ्यांची तोंडं बंद व्हायची.

आमी मागं सरलो. आता तुमाला वाटेल, कडा कोसळला आणि सगळे वाचले. नाही कोसळला. संध्याकाळपर्यंत आमी बसून राहिलो, एक ढेकूळ खाली आलं नाही. एसटीतल्या माणसांनी जाता जाता यथेच्छ बोलून घेतलं. भिकू म्हणाला, "मुकादम, डोंगर आज रजेवर हाय." दुसऱ्या दिवशी आमी आडवाटेनं वर चढलो, दोर लावून, पहारीनं हलवून तो ऐन आणि त्याखालची माती वरूनच सोडली. म्हातारा जिना उतरतो तशी ती सावकाश खाली आली. मग रस्ता उपसला. आदल्या दिवशी ती पडली असती का, हे मला आजही माहीत नाही. पडली असती तर मी शहाणा ठरलो असतो. पडली नाही म्हणून मी भित्रा ठरलो आणि माझा कागद टेबलावरून खाली सरकला. कायम व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. हौसा त्यावरून मला कधी एक शब्द बोलली नाही. एरवी मिठावरून बोलायची.

त्यानंतर मी गँगमध्ये एक रीत पाडली. सकाळी सगळ्यांनी डोंगराकडं तोंड करून उभं राहायचं आणि ज्याला जे दिसतं ते त्यानं बोलायचं. आधी बायांनी, मग गड्यांनी, सगळ्यात शेवटी मुकादमानं. मी आधी बोललो असतो तर पुन्हा सगळे माझंच म्हणाले असते. दुसऱ्या गँगची माणसं हसायची, बायांना विचारून दरड काढतो म्हणायची. हसू दे. मी घाट सोडला तोवर माझ्या गँगमधलं एक माणूस दरडीखाली गेलं नाही. ह्यात नशीब किती, शहाणपण किती, ते देवाला माहीत.

छत्री आपटायची सवय मात्र पुरती गेली नाही. माणूस स्वतःला एकदा ओळखतो आणि सुटतो, असं काही नसतं. हौसा रोज ओळखून द्यायची. कामावर निघताना दारात म्हणायची, "आवं, कपाळाच्या आठ्या हितंच ठेवून जावा. सांजच्याला देते परत." आता ते कोण सांगणार? परवा मी काही बोललो नाही तरी सून दबकत वावरत होती. मग मीच तिला म्हटलं, "पोरी, माझा गुडघा दुखतोय, तुझ्यावर राग न्हाई." तिचं तोंड एकदम मोकळं झालं.

हौसाचं पोट दुखायला लागलं तेव्हा उशीर झाला होता. ती सांगायची नाही. पुण्याच्या दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ होती. डाक्टरांनी मला आणि जावयांना बाहेर बोलावून सांगितलं, आता काही करण्यासारखं राहिलं नाही. जावई रडले. मी नळावर तोंड धुतलं, पटका नीट बांधला आणि आत येऊन तिच्या खाटेपाशी बसलो. म्हटलं, "डाक्टर म्हनत्यात, पंधरवड्यात घरी सोडू."

ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. तिची नजर खाली होती. मी पाहिलं तर माझा डावा तळहात मांडीवर उघडा आणि अंगठा फिरतोय. तंबाखू सोडून उभा जन्म झाला होता.

तिनं हात लांब करून माझा अंगठा मुठीत धरला. तिच्या हातात जोर राहिला नव्हता, तरी धरला.

मी म्हटलं, "हौसे, मला भ्या वाटतंय."

"मला न्हाई वाटत," ती म्हणाली. "मी बघितलाय डोंगर."

मग थोड्या वेळानं तिनं मूठ सोडली. कामावर म्हणायची तसं, घरात कधी म्हणाली नव्हती तसं म्हणाली, "मुकादम, मारा थाप. जाऊ द्या मला."

मी मारली. हळूच मारली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, डास मारला.